एकच धमनी, दोन रिपोर्ट



मानेवर बोट ठेवलं की जिचा ठोका लागतो, ती कॅरोटिड धमनी. मेंदूचा बराचसा रक्तपुरवठा उजव्या-डाव्या अशा या दोन धमन्यांवर चालतो. वय, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांमुळे तिच्या भिंतीत चरबीचा थर साचतो. त्याला प्लाक म्हणतात. त्याचा कण सुटून मेंदूत अडकला, तर पक्षाघात होतो.

सोनोग्राफीत हा थर काळसर दिसला तर तो मऊ आणि अधिक धोक्याचा मानतात. पांढरा दिसला तर कठीण आणि त्या मानाने स्थिर. ग्रे-वील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये याचे चार प्रकार मांडले. पण मशीनवरचं गेनचं बटण थोडं फिरवलं, की तोच थर उजळ दिसू लागतो. मग एक डॉक्टर त्याला दुसऱ्या प्रकारात घालतात, दुसरे तिसऱ्या. दोघंही मन लावून काम करणारे असतात.

हे एकमत मोजायचं कसं? समजा, १०० रुग्ण आहेत आणि दोन डॉक्टरांनी प्रत्येकी ९० जणांना ‘प्लाक आहे’ असं लिहिलं. दोघांनी रुग्णाकडे न पाहता नुसते शिक्के मारले असते, तरी साधारण ८२ जणांच्या बाबतीत त्यांचं जुळलं असतं! म्हणून जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कप्पा नावाचं माप दिलं. योगायोगानं जुळणारा भाग ते वगळतं. पूर्ण एकमत म्हणजे १, नुसता योगायोग म्हणजे ०. आपल्या उदाहरणातलं ८२ टक्के एकमत कानाला चांगलं वाटतं, पण त्याचा कप्पा शून्य येतो. ‘आमचं बहुतेक जुळतं’ एवढ्यावर कुणी समाधान मानू नये, असं मला वाटतं ते यामुळेच.

धमनी किती अरुंद झाली, हे डॉपलरनं रक्ताचा वेग मोजून ठरवतात. सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या आत वेग असेल, तर अरुंदपणा साधारणपणे ५० टक्क्यांहून कमी धरतात. हा वेग प्रोबच्या कोनावरून काढला जातो. खरा कोन ६० अंश असताना मशीनवर ६५ लावला, तर ११० चा वेग १३० दिसतो. पाच अंशांच्या फरकानं रुग्ण वरच्या गटात जातो, आणि घरात शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होते.

उपाय आहेत. रक्ताचा काळेपणा ० आणि धमनीच्या बाहेरच्या आवरणाचा उजळपणा १९० धरून संगणकानं चित्राची छटा सारखी करून घेता येते. त्यानं बटणाचा परिणाम पुष्कळ कमी होतो. पण आपल्याकडे प्रोब डॉक्टरच धरतात, मत तिथल्या तिथे ठरतं आणि रिपोर्टसोबत मोजकीच चित्रं उरतात. दुसऱ्या डॉक्टरांनी नंतर पाहायचं काय? प्रत्येक विभागानं काही तपासण्या पूर्ण साठवाव्यात, पहिलं मत झाकून त्या सहकाऱ्याला दाखवाव्यात आणि आपला कप्पा काढावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि श्रोतेहो, तुमच्या रिपोर्टवर टक्क्यांसोबत वेग आणि कोन लिहायला सांगा. पुढची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात करा, जुनी चित्रं बरोबर न्या. शस्त्रक्रियेचा विषय निघाला, तर आधी सीटी अँजिओग्राफी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.