मुक्या रातकिड्यांचे बेट

रात्री दिवा मालवून पडावे आणि कोपऱ्यातून रातकिड्याने सूर धरावा, हा अनुभव आपणा सर्वांचाच आहे. तो सूर नराचा असतो. पंखावर पंख घासून तो मादीला बोलावीत असतो. पण हवाई बेटांत हे बोलावणे भलत्याच कानी पडते. उत्तर अमेरिकेतून तेथे पोहोचलेली एक परजीवी माशी अंधारातही त्या सुराच्या रोखाने अचूक येते आणि गाणाऱ्यावर आपल्या अळ्या सोडते. अळ्या त्याच्या देहात शिरतात, त्याला आतून खातात आणि आठवड्याभरात बाहेर पडतात, यजमान मरतो. असा पाहुणा वैऱ्याच्याही घरी न येवो!

त्यांपैकी काउआई बेटावर मार्लीन झुक या संशोधिका १९९० च्या दशकापासून जात. तेथील गाणे वर्षागणिक विरत चालले होते. २००३ साली मात्र त्यांना रातकिडे विपुल दिसले, आणि तरीही सर्वत्र शांतता! ९० टक्क्यांहून अधिक नरांच्या पंखांवरील नाद काढणारी दातेरी शीर जवळजवळ नाहीशी झाली होती. गाणारे माशीच्या तोंडी गेले, मुके उरले. वीस पिढ्यांच्या आतच हे घडले. आणि गंमत अशी, की हा मुकेपणा नराला येतो तो आईकडून, जी स्वतः कधी गातच नाही.

मग मादीला वाट कोण दाखविणार? जे थोडे गाणारे तेव्हा शिल्लक होते, त्यांच्या आसपास हे मुके दबा धरून बसत आणि सुराकडे निघालेल्या मादीला वाटेतच गाठत. पुढे शेजारच्या ओआहू बेटावरही असे मुके नर आढळले. त्यांच्या पंखांची घडण मात्र निराळी होती. तेथील मौन काउआईहून आलेले नव्हते, ते तेथेच स्वतंत्रपणे उपजले होते.