शिबिर आणि पालकांची यतना

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त बिबवेवाडी येथे भरलेल्या पालक-मेळाव्यातील व्याख्यान)



वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : सुटीत मुलांचे काय? एका पिढीपूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले होते. नगर जिल्ह्यात किंवा मराठवाड्यात आजोळ असे आणि मे महिना तिथे सरे. विहिरीवर मामा, स्वयंपाकघरात मामी, ओट्यावर आजी आणि गल्लीत चार शेजारी. मुलांवर कोणी पहारा ठेवीत नसे. तरीही मूल कोणाच्या ना कोणाच्या नजरेत असे. आज आजोळही सदनिकेत राहावयास आले आहे. वडील मार्केट यार्डातील दुकानात, आई नोकरीत किंवा व्यवसायात. आजोळाची ती जागा आता उन्हाळी शिबिराने घेतली आहे.

शिबिर ही चांगली गोष्ट आहे, यात शंका नाही. इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर निरनिराळ्या सामाजिक स्तरांतील सुमारे वीस मुलांना एकत्र आणून तंबूत ठेवले आणि त्यातून बालवीर चळवळ उभी राहिली. पुण्यातही १९२४ साली स्थापन झालेले महाराष्ट्रीय मंडळ आणि १९६२ साली सुरू झालेली ज्ञानप्रबोधिनी यांसारख्या संस्थांनी मैदानाला आणि सहजीवनाला शिक्षणात मानाचे स्थान दिले. घराबाहेर चार दिवस राहिलेले मूल स्वतःचे अंथरूण घालावयास शिकते, वाटून खावयास शिकते. प्रश्न शिबिराला पाठवावे की नाही हा नाही. आजोळी जी नजर आपोआप मिळत होती, ती शिबिरात कोणाची असेल, हा खरा प्रश्न आहे. माहितीपत्रकात घोडेस्वारी, दोरीवरची कसरत, शेकोटी, सारे काही असते. ही एक गोष्ट मात्र क्वचितच असते. ती पालकांनाच विचारावी लागते.

एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईच्या एका शाळेची मुले उन्हाळी शिबिरासाठी पुणे जिल्ह्यात आली होती. मुळशी तालुक्यातील कातरखडक येथे त्यांतील तीन मुले जलाशयात बुडून मरण पावली. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातील एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी सहलीत मुरुडच्या समुद्रात बुडाले होते. या घटना आठवावयाच्या त्या भीती घालण्यासाठी नव्हे. मुळशी, पानशेत, भोर या परिसरात पाण्याकाठी शिबिरे भरतात आणि बिबवेवाडीतील मुलेही तिथे जातात, म्हणून त्या आठवावयाच्या. तरणतलावात उत्तम पोहणारे मूलही धरणाच्या पाण्यात सुरक्षित असतेच असे नाही. तिथे तळ सपाट नसतो, पायाखाली गाळ असतो आणि एका पावलावर गुडघाभर असलेले पाणी पुढच्या पावलावर डोक्यावरून जाते. म्हणून पालकांनी स्पष्ट विचारावे : मुले पाण्यात उतरणार आहेत काय? उतरणार असल्यास प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असेल काय? बुडणाऱ्याला बाहेर काढण्याचे प्रशिक्षण घेतलेला माणूस काठावर कोण? पाण्यातून बाहेर आल्यावर मुले मोजतो कोण? उत्तर मोघम आले, तर मुलाला पाण्यात उतरवू नये, असे लेखी द्यावे.

महाराष्ट्र शासनाच्या पर्यटन विभागाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींतील साहसी उपक्रम चालविणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असे त्यात बंधन आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावयास मागणे हा पालकांचा अधिकार आहे. त्यात संकोच नसावा. अनेक ठिकाणी 'काही घडल्यास आयोजक जबाबदार नाहीत' अशा मजकुरावर पालकांची सही घेतली जाते. अशा सहीने निष्काळजीपणाचा गुन्हा पुसला जात नाही. तरी सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचावा.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. दमा, आकडी, औषधांची वा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी, रात्री अंथरूण ओले होणे, यांपैकी काहीही लपवू नये. 'सांगितले तर घेणार नाहीत' या भीतीने लपविलेला आजार आडरानात मुलाच्या जिवावर बेतू शकतो. सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि रात्री तिथे नेण्यास वाहन असेल काय, हे विचारावे. सह्याद्रीच्या दगडांत विंचू असतात. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात कितीतरी मुले दगावत, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यानंतर असे रुग्ण वाचू लागले. परंतु ते औषध डॉक्टरांनी वेळेवर द्यावे लागते. दंशानंतर घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर मंत्र-उताऱ्यात क्षणही न घालविता रुग्णालय गाठावे. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. रात्री विजेरी आणि सकाळी बूट झटकून घालणे, ही सवय घरूनच लावावी.

तिसरी गोष्ट जैन कुटुंबांची विशेष आहे. कंदमूळ वर्ज्य असणे, चौविहार, उकळलेले पाणी, हे नियम मुले अभिमानाने पाळतात. पण शिबिराचे जेवण रात्री नऊला आले, तर लाजाळू मूल काही न बोलता उपाशी झोपते आणि पहाटे गड चढावयास निघते. उकळलेले पाणी मिळाले नाही म्हणून मेच्या उन्हात दिवसभर घोटभर पाण्यावर राहते. हा धर्म नव्हे. ही मोठ्यांची बेफिकिरी आहे. 'जैन भोजन मिळेल' या तीन शब्दांवर न थांबता किती वाजता मिळेल आणि पाणी कोण उकळील, ते ठरवून घ्यावे. पच्चक्खाणातही आगार ठेवलेले आहेत, हे मुलाला आधीच समजावून सांगावे. आजारपणात काय करावयाचे, हे महाराजसाहेबांना विचारून निश्चित करावे, म्हणजे ऐनवेळी लहान जिवावर निर्णयाचा भार पडणार नाही.

चौथी गोष्ट बोलावयास अवघड, म्हणूनच अधिक आवश्यक. मुले रात्री कोठे झोपतील, मुलींसोबत स्त्री-कार्यकर्त्या असतील काय, एखादे मोठे माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत राहणार नाही असा नियम आहे काय? बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ साली आला. असा अपराध झाल्याचे ठाऊक असूनही जो पोलिसांना कळवीत नाही, तोही या कायद्याने दोषी ठरतो. संस्थेची अब्रू हे मौनाचे कारण होऊ शकत नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलांना तोंडपाठ असावा.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. खासगी शिबिराला पालक चार प्रश्न विचारतात. पण शिबिर समाजाचे, पाठशाळेचे, ओळखीच्या कार्यकर्त्यांचे असले की एकही विचारीत नाहीत. 'आपलेच लोक आहेत' असे म्हणून मूल सोपविले जाते. श्रद्धा धर्मावर असावी. व्यवस्थेची मात्र परीक्षाच घ्यावी. पाणी, विंचू आणि वाईट हेतू हे शिबिर कोणाचे आहे ते पाहून थांबत नाहीत. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेने आपल्या धार्मिक शिबिरांना हेच प्रश्न लावून घेणे, पालकांनी ते निःसंकोच विचारणे आणि विश्वस्तांनी त्यांची लेखी उत्तरे देणे, यापरते सुवर्णमहोत्सवाचे औचित्य दुसरे कोणते?

शेवटी मुलाची तयारी. घराची ओढ लागणे हा दुबळेपणा नव्हे. बहुतेक मुलांना ती लागतेच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. आधी एखादी रात्र नातेवाइकांकडे राहण्याचा सराव करावा आणि 'करमले नाही तर लगेच न्यावयास येऊ' असे वचन देऊ नये, असे त्यात सुचविले आहे. अशा वचनाने मूल पहिल्या दिवसापासून परतीची वाट पाहू लागते. मात्र कोणी त्रास दिला किंवा भीती वाटली, तर केव्हाही घरी फोन करता येईल, ही खात्री मुलाला आणि आयोजकांना दोघांनाही हवी. शिबिरातून परतल्यावर 'काय शिकलास?' असे विचारण्याची घाई करू नये. त्याला जेवू घालावे, झोपू द्यावे आणि ते आपणहून बोलू लागले की मध्ये न तोडता ऐकावे.

पुढे पाहून, जीव जपून पाऊल टाकावे, हे इर्यासमितीत सांगितले आहे. चालताना मुंगीलाही जपणाऱ्या समाजाने स्वतःचे लेकरू परक्या हाती देताना तीच यतना बाळगावी, एवढेच या निमित्ताने सर्व पालकांना विनम्र आवाहन.

जय जिनेंद्र.