बिनगिलाव्याच्या भिंतींआड गांधारचे बुद्ध

‘ब्रूटलिस्ट’ वास्तुशैली म्हटलं की काहीतरी क्रूर असावं असं वाटतं. पण हे नाव आलं ते फ्रेंच ‘बेतों ब्रूत’वरून, म्हणजे कच्चं, गिलावा न केलेलं काँक्रीट. चंदीगडला सेक्टर १०मधल्या सरकारी संग्रहालयात गेलात, तर त्या काँक्रीटजवळ क्षणभर थांबा. सेंटरिंगच्या फळ्यांचे वळ त्यावर तसेच उमटलेले दिसतील. रंग नाही, नक्षी नाही. सोबतीला फक्त लाल विटा. पहिल्या भेटीत इमारत रुक्षच वाटते, खोटं कशाला सांगू!

ल कार्बुझिए या वास्तुकाराची ही रचना १९६८ साली खुली झाली. ती पाहायला तो स्वतः नव्हता. १९६५मध्येच त्याचं निधन झालं होतं.

आत रॅम्पवरून वर चढायचं आणि पोहोचायचं ते थेट गांधार शिल्पांपाशी. ही शिल्पं मूळची लाहोरच्या संग्रहालयातली. फाळणीनंतर १९४८मध्ये तिथल्या संग्रहाचीही वाटणी झाली: साठ टक्के पाकिस्तानला, चाळीस टक्के भारताला. करड्या दगडातले बुद्ध, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या थेट ग्रीक वळणाच्या. वरून झिरपणाऱ्या उजेडात दगडाचा करडा आणि काँक्रीटचा करडा एकमेकांत असे मिसळतात, की भिंतीचा रुक्षपणा कुठल्या कुठे जातो. संगमरवरी दालनात हे बुद्ध इतके शोभले नसते, असं माझं मत.

इथल्या पहाडी लघुचित्रांसाठी वेगळा तासभर ठेवा. आणि हो, सोमवारी संग्रहालय बंद असतं.