मैत्रिणीला निरोप देताना

भाकरी थापता थापता ऐकत असाल, तर हात थांबवू नका. आज एका छोट्या कार्यक्रमाची गोष्ट सांगायची आहे.

दिवाळीच्या आधी आमच्या गटाची मासिक बैठक चालू होती. हप्ते गोळा झाले, कर्जाचे अर्ज वाचून झाले, तेवढ्यात सहावीतल्या सात-आठ मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची एक मैत्रीण गाव सोडून चालली होती. तिच्या वडिलांना चाकणला कंपनीत काम लागलं होतं. "आम्हाला तिला निरोप द्यायचाय. केक आणायचाय, फुगे लावायचेत. थोडे पैसे द्याल का?"

आम्हाला आधी हसूच आलं. एकटीचा कसला निरोप? पण आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "दोन वर्षांमागं वस्तीवरची पोर अशीच गेली. ती पुढं कुठल्या शाळेत बसली, कुणी विचारलं का?"

सगळ्या गप्प झाल्या. ती मुलगी आईवडिलांबरोबर कामाच्या गावी गेली. दाखला नंतर नेऊ म्हणाले, तो राहूनच गेला. तिकडं धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी थांबली आणि तिची शाळा सुटली. आम्हाला कळलं ते वर्षभरानं, ती जत्रेला आली तेव्हा. गटाच्या वहीत आम्ही रुपया-रुपयाचा हिशेब ठेवतो, पण एक पोर शाळेतून कमी झाली ते आमच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग ठरवलं, निरोप द्यायचा, आणि पोर नव्या शाळेत बसेपर्यंत तिची चौकशीही करायची.

गटाच्या बचतीला हात लावला नाही. मुलींनी दहा-दहा रुपये काढले, आम्ही वीस-वीस. काय करायचं ते जाणाऱ्या मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, "केक नको. शाळेमागच्या चिंचेखाली सगळ्यांनी मिळून भेळ खाऊ." चुरमुरे, फरसाण दुकानातून आणलं, कांदे, कोथिंबीर, शेंगदाणे घरचेच. मुलींनी एक वही केली. प्रत्येकीनं एका पानावर चित्र काढलं, दोन ओळी लिहिल्या आणि खाली घरचा फोन नंबर घातला.

आम्ही मोठ्यांनी एक फाइल घेतली. तिच्या आईला सोबत घेऊन शाळेत गेलो. तेव्हा आई म्हणाली, "आता मधेच कोण घेतंय हिला? राहील घरी, जूनमध्ये बघू." मैत्रिणींनो, हे "जूनमध्ये बघू" फार महागात पडतं.

म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलावी लागली, तर सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला, तरी त्या कारणावरून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. वर्षाच्या मधे आली म्हणूनही नाकारू शकत नाही.

दाखला हातात पडल्यावर तिथंच वाचून घ्या. नाव, आईचं नाव, जन्मतारीख बरोबर आहे ना ते पाहा. चूक असेल तर तिथल्या तिथं सांगा, गाव सोडल्यावर हेलपाटे पडतात. आम्ही फाइलमध्ये दाखला, प्रगतिपत्रक आणि आधार कार्डाची झेरॉक्स ठेवली. सगळ्याची एकेक प्रत गटाच्या कपाटातही ठेवली.

निरोपाच्या दिवशी मुलींनी गाणी म्हटली, फुगडी घातली. भाषणं कुणीच केली नाहीत. जाणारी मुलगी एवढंच म्हणाली, "तिकडं माझ्याशेजारी कोण बसंल?" हे ऐकून मुली रडल्या, आम्हीही डोळे पुसले. मग तिच्या आईनं सगळ्यांसमोर शब्द दिला, "सुट्टी संपली की पहिल्या आठवड्यात हिला शाळेत घालते."

सुट्टी संपल्यावर आम्ही फोनची वाट बघत होतो. पाचव्या दिवशी फोन आला. नाव घातलं होतं. तिच्या शेजारी बसणारी मुलगीही बाहेरगावाहूनच आलेली आहे म्हणे. इकडं आमच्या मुलींनी फोन हातातून हिसकावून घेतला.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावातून एखादं लेकरू शाळा बदलून चाललं असेल, तर त्याला निरोप जरूर द्या. भेळ करा नाहीतर नुसते शेंगदाणे-गूळ वाटा. पण तीन गोष्टी विचारा. दाखला घेतला का? नवी शाळा कोणती? आणि तिकडं नाव घातल्याचा फोन कोण करणार? तिसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका.

बरं, आता भाकरी उलटा, करपेल. पुन्हा भेटू. नमस्कार.