मुलाखतीच्या दारातून परत फिरणारा उमेदवार


पस्तिशी गाठलेला, पदवी असलेला, परंतु अनुभवाच्या रकान्यात लिहिण्याजोगे फारसे काही नसलेला उमेदवार मुलाखतीस निघतो. रात्रभर झोप नसते. दारापाशी छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो आणि तो तसाच माघारी वळतो. क्षणभर हायसे वाटते खरे. पण याच सुटकेने पुढच्या वेळची भीती बळावते. घरची मंडळी याला आळस म्हणतात. हे निदान चुकीचे आहे, आणि निर्दयही.

मानसोपचारातील रूढ मार्ग पायरीपायरीचा आहे. प्रथम नुसती कचेरी पाहून यावी, मग चौकशी करावी, पुढे एखाद्या परिचितासमोर सरावाची मुलाखत द्यावी. धडधड ओसरेपर्यंत मात्र तेथून हलू नये. जरूर पडल्यास २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही समुपदेशन मिळते.

राहिला अनुभव. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. अधिनियमात किमान वयाची अट आहे, कमाल वयाची नाही. आस्थापना मात्र आपापली मर्यादा घालतात, म्हणून आधी विचारून घ्यावे. शिवाय घरच्या दुकानाचा हिशेब सांभाळला असेल, आजारी वडिलांची वर्षानुवर्षे शुश्रूषा केली असेल, तर ती वर्षे रिकामी गेली असे कोणी म्हणावे? अर्जात त्यांचा उल्लेख दोन सरळ वाक्यांत करावा, आणि त्याची एक प्रत घेऊन त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात जावे. सोबतीला कोणी आले तरी चालेल.