सहा घोडे, दहा घोडे आणि एक समीकरण

हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा. आज आपण साडेआठशे वर्षांहून जुनं एक गणित सोडवणार आहोत. ते भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथातलं आहे.

एका माणसाकडे ६ घोडे आहेत आणि रोख ३०० रुपये. दुसऱ्याकडे १० घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज आहे. सगळ्या घोड्यांची किंमत सारखी आणि दोघांची एकूण मालमत्ताही सारखी. तर एका घोड्याची किंमत किती?

किमतीला क्ष म्हणू. डावी बाजू ६ क्ष अधिक ३००. उजवी बाजू १० क्ष उणे १००. क्ष दोन्हीकडे आला की आठवीतली मुलं गोंधळतात. मग त्यांना सांगितलं जातं, ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं.’ नियम खरा आहे. पण चिन्ह का बदलतं, हे कळल्याशिवाय तो पाठ करून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा त्या दोघांकडे जाऊ. दोघांकडचे सहा-सहा घोडे बाजूला काढा. दोघांचं सारखंच कमी झालं, म्हणून बरोबरी टिकली. आता पहिल्याकडे ३०० रुपये उरले. दुसऱ्याकडे ४ घोडे आणि १०० रुपयांचं कर्ज. मग दोघांना शंभर-शंभर रुपये द्या. पहिल्याचे ४०० झाले, दुसऱ्याचं कर्ज फिटलं. ४ घोडे म्हणजे ४०० रुपये, तर एक घोडा १०० रुपयांचा.

उजवीकडचे ‘उणे १००’ डावीकडे ‘अधिक १००’ कसे झाले, हे आता दिसलं ना? कुठलीही संख्या उडी मारून पलीकडे गेली नाही. आपण दोन्ही बाजूंना एकच गोष्ट केली, एवढंच.

भास्कराचार्य दोन्ही बाजू एकाखाली एक मांडत. अज्ञातासाठी ‘या’, ज्ञात संख्येसाठी ‘रू’ आणि ऋण संख्येवर टिंब. मग एका बाजूतला अज्ञात दुसऱ्या बाजूतून वजा करायचा, दुसऱ्या बाजूची संख्या पहिलीतून वजा करायची आणि शेवटी भागाकार. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला. त्याची नोंद करणारा १२०७ सालचा शिलालेख खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. ही विद्या अशी जपलेली आहे.

उत्तर आलं की ताळा करायचाच. ६ घोड्यांचे ६०० आणि रोख ३००, झाले ९००. १० घोड्यांचे १०००, त्यातून कर्जाचे १०० गेले, तेही ९००. समजा, चिन्ह चुकून किंमत ५० आली असती, तर एकीकडे ६०० आणि दुसरीकडे ४०० आले असते. चूक तिथेच सापडली असती. उत्तरांची यादी पाहावी लागली नसती.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलाला ‘उत्तर काय आलं’ एवढंच विचारू नका. प्रत्येक पायरीला विचारा, ‘दोन्ही बाजूंना काय केलंस?’

आता एक गणित तुमच्यासाठी. लिहून घ्या. कंसात क्ष उणे २, त्या कंसाची तिप्पट, अधिक ४. बरोबर, क्ष अधिक ८. आधी कंस सोडवा, मग दोन्ही बाजूंतून एक क्ष काढा. ताळ्यात दोन्हीकडे १३ आले, तर तुमचं उत्तर बरोबर आहे.