कोरियाच्या डोंगरांवरील रान



देश सुधारू लागला की प्रथम रान तुटते आणि पुढे केव्हातरी ते आपोआप परत येते, असा समज अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. अ‍ॅबरडीनचे भूगोलज्ञ अलेक्झांडर मॅथर यांनी १९९२ मध्ये या पालटाला नाव दिले. त्याला आपण वनसंक्रमण म्हणू. पालट खरा आहे. ‘आपोआप’ या शब्दाविषयी मात्र मला शंका आहे, आणि ती दक्षिण कोरियाच्या उदाहरणाने मांडावयाची आहे.

१९५३ मध्ये युद्ध थांबले तेव्हा तेथील डोंगर बोडके होते. जपानी अमलात तोड झाली होती, पुढच्या धामधुमीत चोरटी तोड झाली. पण रोजचा खर्च होता तो घरोघरच्या ‘ओन्दोल’चा. चुलीचा धूर फरशीखालून खेळवून घर उबदार ठेवण्याची ही जुनी योजना. मोठी सुखाची, पण तिला सरपण अफाट लागे. लाकूड सरले तेव्हा लोक पालापाचोळाही खरवडून नेऊ लागले. अशा उतारावर रोप जगावे कसे?

म्हणून आधी चूल बदलावी लागली. शहरांत सरपण आणण्यास बंदी झाली आणि दगडी कोळशाच्या भुकटीच्या, भोके पाडलेल्या वड्या आल्या. त्यांच्या विषारी वायूने कितीतरी माणसे झोपेतच दगावली, हेही सांगितले पाहिजे. १९७३ मध्ये दहा वर्षांची वनयोजना निघाली. वनखाते शेतीखात्यातून काढून गृहखात्याकडे, म्हणजे पोलिसांच्या शेजारी, नेण्यात आले! गावोगावच्या वनसंघांनी रोपे वाढविली, लावली. दहा लाख हेक्टरांचा संकल्प १९७८ मध्येच पुरा झाला. डोंगरात रान जाळून पिके घेणाऱ्यांना तेथून उठविण्यात आले. अंमल पार्क चुंग-ही यांचा होता. नाही म्हणण्याची सोय कोणाला होती?

पन्नाशीच्या दशकात तेथे हेक्टरी जेमतेम सहा घनमीटर लाकूड उभे होते. २०२० मध्ये ते १६५ च्या घरात गेले. हे यश खोटे म्हणणारा मी नव्हे. परंतु लागवडीची ही धामधूम चालू होती त्याच वर्षांत कोरियाच्या प्लायवुड कारखान्यांसाठी फिलिपीन्स, मलेशिया, इंडोनेशिया येथील ओंडके बंदरात उतरत होते, आणि तयार फळ्या परदेशी विकल्या जात होत्या. घरची कुऱ्हाड थांबली, ती काही अंशी दुसऱ्याच्या रानात चालू लागली. इंडोनेशियाने १९८५ मध्ये अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. तोवर तेथील बरेच रान समुद्रापार गेले होते.